संगणक मंद नाही, त्याच्या खेपा जास्त आहेत

सोमवारी सकाळचे दहा वाजलेले असतात. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीबाहेरची बाके केव्हाच भरलेली असतात आणि उरलेली रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. आत टेबलाशी अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी बसल्या आहेत. बारा वर्षांचा मधुमेह. आज तक्रार गुडघ्यांची. "डॉक्टर, एखादी चांगली गोळी द्या, जिना चढवत नाही," असे त्या म्हणतात. निवासी डॉक्टर त्यांचे नाव संगणकावर शोधतो, त्यावर क्लिक करतो आणि पडद्यावर ते ओळखीचे चक्र गोल गोल फिरू लागते. पाच सेकंद जातात, दहा जातात. बाहेरून कोणीतरी दार ढकलून डोकावते. वीस सेकंदांनी डॉक्टर जुन्या नोंदी पाहण्याचा नाद सोडतो, वेदनाशामक गोळी लिहून देतो आणि पुढचा नंबर पुकारतो.

न उघडलेल्या त्या पानावर तीन महिन्यांपूर्वीचा रक्ताचा अहवाल होता. त्यात क्रिएटिनिन वाढलेले होते, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावू लागले होते. अशा रुग्णाला डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके दिली तर मूत्रपिंडांना आणखी इजा होऊ शकते. रुग्णालयाकडे ही माहिती होती. तपासणी झाली होती, तिचा खर्चही झाला होता. फक्त ती डॉक्टरच्या डोळ्यांपर्यंत वेळेत पोहोचली नाही.

हा प्रसंग नमुन्यादाखल आहे. पण गर्दीच्या ओपीडीत संगणकासमोर बसलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असते, "सर्व्हर डाऊन आहे." मग नवा सर्व्हर मागवला जातो, इंटरनेटची जोडणी बदलली जाते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा चक्र फिरू लागते. तापाचे कारण न शोधता पॅरासिटामॉल देत राहावे, तसाच हा प्रकार. बऱ्याचदा यंत्र मंद नसते. दोष असतो यंत्राकडून नोंदी मागवण्याच्या पद्धतीत. तो समजायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. रेकॉर्ड सेक्शन कसे चालते, एवढे माहीत असले तरी पुरते.

रेकॉर्ड सेक्शनचे मामा

समजा, आज मधुमेहाच्या विशेष ओपीडीत २०० रुग्ण येणार आहेत. सिस्टरांना प्रत्येकाचे नाव आणि आधीचे रक्तशर्करेचे अहवाल टेबलावर हवे आहेत. फायली तळघरातल्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये आहेत. मामा आधी खाली जाऊन आजच्या २०० जणांची यादी घेऊन येतात. ही झाली एक खेप. मग ते यादीतले पहिले नाव वाचतात, खाली जातात, ती एक फाईल घेऊन वर येतात. दुसरे नाव वाचतात, पुन्हा खाली. अशा २०० खेपा. एकूण २०१.

कोणतेही मामा असे करणार नाहीत. ते यादी खिशात घालतील, ट्रॉली घेतील आणि एकदाच खाली जातील. पण रुग्णालयाचे, बँकेचे, शाळेचे किंवा दुकानाचे कितीतरी संगणकीय कार्यक्रम दिवसभर नेमक्या या २०१ खेपा घालत असतात. प्रोग्रॅमर मंडळींनी या दुखण्याला नावही दिले आहे, 'एन प्लस वन'. यादीसाठी एक खेप आणि यादीतल्या प्रत्येकासाठी एक-एक.

संगणकाची खेप म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, ज्याला 'क्वेरी' म्हणतात. एक खेप अगदी थोड्या वेळाची असते. डेटाबेस दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि जाण्यायेण्याला सेकंदाचे ४० हजारांश लागत असतील असे धरू. एका खेपेत ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. २०१ खेपांना मात्र आठ सेकंद लागतात. आता प्रत्येक रुग्णाच्या मागच्या दहा भेटी दाखवायच्या आणि प्रत्येक भेटीची औषधे वेगळी मागवायची असे ठरले, तर हिशेब १ अधिक २०० अधिक २००० असा होतो. या २,२०१ खेपांना ८८ सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ दीड मिनिट. यात डेटाबेसने फायली शोधण्यात घालवलेला वेळ धरलेलाच नाही. हा केवळ जिना चढण्या-उतरण्याचा वेळ आहे. वेगवान सर्व्हर आणला तर तळघरातला कारकून चपळ होईल, पण जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच राहतील.

दुभाष्याची सोय आणि खोड

प्रोग्रॅम लिहिणारी माणसे हुशार असतात. तरी हे होते, कारण डेटाबेस आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये एक दुभाषा बसलेला असतो.

डेटाबेस माहिती तक्त्यांमध्ये ठेवतो. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. रुग्णांचा एक तक्ता, भेटींचा दुसरा, औषधांचा तिसरा आणि प्रयोगशाळेच्या अहवालांचा चौथा. भेटीच्या ओळीत रुग्णाचा क्रमांक लिहिलेला असतो आणि त्या क्रमांकावरून नाते जुळते. प्रोग्रॅमर मात्र असा विचार करत नाही. त्याच्या दृष्टीने 'रुग्ण' ही एक अखंड वस्तू असते. तिच्या पोटात भेटी असतात आणि भेटींच्या पोटात औषधे. डॉक्टरही रुग्णाकडे तसेच पाहतात.

ही दोन जगे जोडण्यासाठी 'ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपिंग' नावाची साधने आली. जावा भाषेतले 'हायबरनेट' त्यातले सर्वांत नावाजलेले. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये ते सुरू केले. पायथॉन भाषेत 'जँगो'मध्ये असाच दुभाषा आहे. प्रोग्रॅमर फक्त 'या रुग्णाच्या भेटी' असे लिहितो आणि डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न हा दुभाषा स्वतः तयार करून विचारून येतो. काम फार सोपे होते, चुकाही कमी होतात.

खोड अशी की दुभाषा स्वभावाने आळशी ठेवलेला असतो आणि तो तसा असायलाच हवा. रुग्णाचे नाव मागितले तर त्याने बारा वर्षांच्या भेटी, औषधे, एक्स-रे सगळे उचलून आणायचे नाही. जे लागेल तेव्हाच आणायचे. याला 'लेझी लोडिंग' म्हणतात. एका रुग्णापुरता हा आळस शहाणपणाचा आहे. पण प्रोग्रॅममध्ये 'यादीतल्या प्रत्येक रुग्णाचे अहवाल दाखव' असे लिहिले की दुभाषा प्रत्येक नावाशी थांबतो, 'अरेच्चा, याचे अहवाल आणलेच नाहीत' म्हणतो आणि खाली जातो. दोनशे वेळा थांबतो, दोनशे वेळा जातो. प्रोग्रॅमरच्या पडद्यावर मात्र ती साधी, निरुपद्रवी एक ओळ दिसते. खेपा दिसत नाहीत. लक्षणे नसलेल्या रक्तदाबासारखेच हे दुखणे.

सगळेच एकदम आणले तर?

यावरचा पहिला उपाय कोणालाही सुचेल. दुभाष्याला उतावळे करायचे, म्हणजे रुग्ण मागितला की त्याचे सगळे सोबत आणायचे. हा 'ईगर' मार्ग. पण औषधाची मात्रा दहापट केली म्हणून गुण दहापट येत नाही. इथेही तसेच होते.

डेटाबेसला दोन तक्ते जोडून एकच उत्तर द्यायला सांगता येते. त्याला 'जॉइन' म्हणतात. रुग्ण आणि त्याचे अहवाल जोडले तर प्रत्येक अहवालाची एक ओळ मिळते आणि रुग्णाचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा येते. इथवर ठीक. आता त्याच प्रश्नात औषधेही जोडली तर काय होते? समजा, एका रुग्णाची ५० औषधे आणि १०० अहवाल नोंदलेले आहेत. औषधांचे आणि अहवालांचे परस्परांशी थेट नाते नाही, त्यामुळे डेटाबेस प्रत्येक औषधासमोर प्रत्येक अहवाल मांडतो. ५० गुणिले १००, म्हणजे ५,००० ओळी. खरी माहिती होती फक्त १५० नोंदींची. २०० रुग्णांसाठी हाच आकडा १० लाखांवर जातो, गरज असते ३० हजारांची. मामा एकाच खेपेत आले खरे, पण प्रत्येक गोळीच्या चिठ्ठीला प्रत्येक अहवालाची झेरॉक्स टाचून ट्रॉली ओसंडून घेऊन आले. आता टेबलाशी बसून ती वेगळी करत बसायचे.

म्हणून जाणकार प्रोग्रॅमर मधला रस्ता धरतात. रुग्णाशी ज्याचे एकास एक नाते आहे, जसे त्याचा वॉर्ड किंवा त्याचे डॉक्टर, ते जोडूनच आणायचे. तिथे ओळी वाढत नाहीत. जिथे एकाला अनेक नोंदी आहेत, तिथे प्रत्येक प्रकारासाठी एक वेगळी खेप करायची, पण ती संपूर्ण यादी हातात घेऊन. 'या २०० क्रमांकांचे अहवाल द्या' ही एक खेप आणि 'याच २०० क्रमांकांची औषधे द्या' ही दुसरी. यादीची खेप धरून एकूण तीन. मिळालेल्या नोंदी कोणाच्या हे क्रमांक पाहून प्रोग्रॅम स्वतःच लावून घेतो. रुग्ण २० असोत वा २००, खेपा तीनच राहतात.

जँगोमध्ये या दोन पद्धतींना वेगवेगळी नावे आहेत. जोडून आणण्याला 'सिलेक्ट रिलेटेड' आणि यादी देऊन आणण्याला 'प्रीफेच रिलेटेड'. हायबरनेटमध्ये गठ्ठ्यांचा आकार ठरवून देता येतो. आकार २५ ठेवला तर २०० रुग्णांसाठी आठ गठ्ठे, म्हणजे यादीसह नऊ खेपा. २०१ वरून नऊ. बहुतेकदा त्यासाठी प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागत नाही, एखाद-दुसरी ओळ बदलली की भागते.

यादी फारच मोठी असेल तर तिचेही गठ्ठे करावे लागतात. ओरॅकल डेटाबेसच्या अनेक आवृत्त्या एका यादीत हजारांहून जास्त क्रमांक घेत नाहीत. आणि तळघरातल्या रॅकवर क्रमांक लावलेले नसतील तर एका खेपेतही मामा सगळे कपाट धुंडाळत बसतील. रॅकवरच्या या क्रमांकांना डेटाबेसमध्ये 'इंडेक्स' म्हणतात. नाते जुळवणाऱ्या रकान्यावर मायएसक्यूएलचे नेहमीचे इंजिन इंडेक्स आपोआप तयार करते, पोस्टग्रेस तसे करत नाही. तो लावला आहे ना, हे कोणीतरी मुद्दाम पाहावे लागते.

पन्नासांचे पान आणि महिन्याचा अहवाल

एवढे करूनही एक प्रश्न उरतो. पडद्यावर एका वेळी ५० रुग्णच दिसणार असतील तर हजार रुग्ण कशाला आणायचे? म्हणून पाने पाडली जातात. पण पाने पाडणे आणि जॉइन एकत्र आले की गफलत होते. '५० ओळी द्या' असे सांगितले तर डेटाबेस ५० रुग्ण मोजत नाही, ५० ओळी मोजतो आणि पहिल्या दोन रुग्णांचेच ५० अहवाल असू शकतात. चुकीचे उत्तर जाऊ नये म्हणून हायबरनेट अशा वेळी सगळ्या ओळी स्वतःच्या स्मृतीत आणून तिथे ५० रुग्ण मोजते आणि तशी सूचना आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते. ती नोंदवही कोणी वाचत नाही आणि एके दिवशी भर ओपीडीत स्मृती संपून सर्व्हर कोसळतो. शहाणा क्रम वेगळा आहे. आधी ५० रुग्णांचे फक्त क्रमांक घ्यायचे, मग त्या ५० जणांच्या नोंदी गठ्ठ्याने मागवायच्या.

महिन्याच्या अहवालाचे दुखणे याहून निराळे. 'या महिन्यात किती गरोदर महिलांचे हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी आढळले?' या प्रश्नाचे उत्तर एक आकडा आहे. त्यासाठी हजारो महिलांच्या फायली वर आणून मोजण्याची गरज नाही. मोजणी तळघरातच करून घ्यावी आणि वर फक्त आकडा यावा. डेटाबेस या कामात तरबेज असतो. तरीही दुभाष्याची सवय लागलेले प्रोग्रॅम आधी सगळ्या 'रुग्ण-वस्तू' उभ्या करतात आणि मग त्या मोजतात.

काही कामांत खरोखरच सगळ्या नोंदी लागतात, जसे लाखभर रुग्णांची माहिती नव्या प्रणालीत हलवणे. तिथे पाचशे-पाचशेच्या टप्प्यांनी काम करून प्रत्येक टप्प्यानंतर टेबल रिकामे करावे लागते. दुभाषा आणलेली प्रत्येक फाईल हातात धरून ठेवतो. 'आता ठेव' असे सांगितले नाही तर ढीग वाढतच जातो.

एल्डोरेट ते गनियारी

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण आरोग्यक्षेत्रातच आहे. केनियातील एल्डोरेट येथे मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांच्या भागीदारीतून एचआयव्ही उपचारांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. रुग्णसंख्या वाढली तसे आधीचे लहान संगणकीय दप्तर अपुरे पडू लागले. इंडियानातील रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमधले डॉक्टर पॉल बायोन्डिच आणि बर्क मॅमलिन यांनी २००४ मध्ये नव्या प्रणालीची आखणी सुरू केली. 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्थाही सोबत आली. त्यातून 'ओपन एमआरएस' जन्माला आली. २००६ मध्ये ती एल्डोरेटला वापरात आली आणि पुढे अनेक देशांत पसरली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. ती जावामध्ये लिहिलेली असून तिचा दुभाषा आहे हायबरनेट.

तिची रचना डॉक्टरांच्या गरजेतून आलेली आहे. नवा आजार, नवी तपासणी आली की तक्त्याला नवा रकाना जोडत बसावे लागू नये, म्हणून प्रत्येक निरीक्षणाची स्वतंत्र ओळ ठेवतात. वजन एक ओळ, वरचा रक्तदाब दुसरी, खालचा तिसरी, नाडी चौथी. कोणत्या ओळीचा अर्थ काय, हे एका सामायिक शब्दकोशात असते आणि ओळीत फक्त त्या संज्ञेचा क्रमांक असतो. लवचीकता मोठी मिळते, पण ओळीही तशाच वाढतात. एका रुग्णाच्या पाच वर्षांत ६० भेटी आणि प्रत्येक भेटीत २० निरीक्षणे धरली तर १,२०० ओळी होतात. असे दहा हजार रुग्ण म्हणजे १ कोटी २० लाख ओळी. अशा रचनेत रुग्णाकडून भेटीकडे, भेटीकडून निरीक्षणाकडे आणि निरीक्षणाकडून शब्दकोशाकडे अशी नात्यांची साखळी असते. प्रत्येक कडीवर दुभाष्याला खेप घालण्याची संधी मिळते. म्हणून इथे किती आणि केव्हा आणायचे, हा प्रश्न गौण राहत नाही.

याच ओपन एमआरएसच्या पायावर भारतात 'बाह्मनी' ही रुग्णालय-प्रणाली उभी राहिली. छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगचे ग्रामीण रुग्णालय आहे. थॉटवर्क्स कंपनीच्या लोकांनी या रुग्णालयाच्या गरजा समोर ठेवून ती बांधली. या परिवारात मोठ्या अहवालांसाठी एक वेगळी वाटही काढली गेली. रोजच्या उपचारांचा डेटाबेस जसाच्या तसा ठेवायचा आणि त्यातली माहिती ठरावीक वेळाने सपाट, रुंद तक्त्यांत उतरवून घ्यायची. बाह्मनीत या भागाला 'बाह्मनी मार्ट' म्हणतात. आकडेवारीचे प्रश्न तिकडे विचारायचे. महिन्याचा अहवाल काढणाऱ्यामुळे ओपीडीतल्या डॉक्टरचा पडदा अडू नये, हा त्यातला हेतू.

'नाही' आणि 'अजून आले नाही'

वैद्यकीय दृष्टीने उशिरापेक्षाही घातक एक गोष्ट आहे. ती म्हणजे अर्धवट उत्तर. दुभाष्याची डेटाबेसशी जोडणी ठरावीक काळच उघडी असते. ती बंद झाल्यावर आळशीपणे मागे ठेवलेल्या नोंदी मागितल्या तर त्या आणता येत नाहीत आणि हायबरनेट स्पष्ट चूक दाखवते. काही वेळा प्रोग्रॅमर ती चूक पडद्यावर दिसू नये म्हणून झाकून टाकतो आणि तिथे रिकामी जागा दाखवतो. 'ॲलर्जी' या शीर्षकाखालची रिकामी जागा डॉक्टर कशी वाचणार? ॲलर्जी नाही, अशीच. मग पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला तेच इंजेक्शन लिहिले जाऊ शकते.

म्हणून पडद्यावर तीन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात. 'विचारले, नाही', 'विचारलेच नाही' आणि 'माहिती अजून आलेली नाही'. केसपेपरवर हा भेद करायला प्रत्येक डॉक्टर शिकलेला असतो. संगणकानेही तो पाळायला हवा.

आणलेली फाईल टेबलावरच ठेवून द्यायची, म्हणजे पुन्हा खेप नको, हाही एक उपाय आहे. त्याला 'कॅशे' म्हणतात. संज्ञांच्या शब्दकोशासाठी तो उत्तम, कारण 'हिमोग्लोबिन'चा अर्थ रोज बदलत नाही. पण अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या पोटॅशियमसाठी तो जपून वापरावा. सकाळी ४ असलेले पोटॅशियम दुपारी ६ होऊ शकते आणि टेबलावरची जुनी फाईल अजूनही ४ सांगत राहील.

विश्रांतीचा ईसीजी पुरेसा नाही

हे दुखणे खरेदीच्या वेळी कधीच दिसत नाही. प्रात्यक्षिकात दहा-बारा नमुना रुग्ण असतात आणि डेटाबेस त्याच लॅपटॉपवर असतो. अकरा खेपा डोळ्याचे पाते लवण्याआधी होतात आणि समिती खूश होते. हा विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी झाला. हृदयाच्या धमन्यांत अडथळा असलेल्या कितीतरी माणसांचा असा ईसीजी अगदी नॉर्मल येतो. माणसाला ट्रेडमिलवर चालवले की खरे रूप कळते.

संगणक प्रणालीची ट्रेडमिल म्हणजे खऱ्या आकाराची माहिती. ओळख पटणार नाही अशा बनावट नोंदींनी पाच वर्षांचे दप्तर भरायचे, एकाच वेळी पंचवीस टेबलांवरून वापरून पाहायचे आणि प्रत्येक पडद्यामागे किती क्वेरी गेल्या हे मोजायचे. ही मोजणी सोपी आहे. बहुतेक सगळ्या दुभाष्यांना 'प्रत्येक प्रश्न लिहून ठेव' असे सांगता येते. निदानाची कसोटीही साधी आहे. यादीतले रुग्ण दुप्पट केले आणि खेपाही दुप्पट झाल्या, तर आजार आहे. खेपा तेवढ्याच राहिल्या, तर प्रकृती ठीक.

रुग्णालयाच्या खरेदी समितीने किंवा स्वतःच्या दवाखान्यासाठी प्रणाली घेणाऱ्या डॉक्टरांनी पुढचे प्रश्न जरूर विचारावेत.

• रुग्णाचा मुख्य पडदा उघडताना किती क्वेरी जातात? दहा वर्षे येणाऱ्या रुग्णासाठी आकडा वाढतो का?
• खऱ्या ओपीडीएवढ्या नोंदी आणि गर्दी घेऊन चाचणी केली आहे का?
• महिन्याचे अहवाल ओपीडीच्या डेटाबेसवरच चालतात की वेगळे?
• माहिती आली नाही तर पडदा काय दाखवतो?

डॉक्टरांचा वाटा

या सगळ्यात एक निर्णय असा आहे की तो प्रोग्रॅमर एकटा घेऊ शकत नाही. सोबत काय आणायचे आणि काय मागे ठेवायचे? याचे उत्तर संगणकशास्त्रात नाही, रुग्णतपासणीत आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये केसपेपर कसा असावा यावर लिहिले. नोंदी कुठून आल्या यापेक्षा रुग्णाच्या समस्या कोणत्या, यानुसार केसपेपर रचावा, असा त्यांचा आग्रह होता. केसपेपर हे दप्तर नसून विचार करण्याचे साधन आहे, हे त्यातून वैद्यकाच्या अंगवळणी पडले.

तोच विचार इथे लागू होतो. ओपीडीत पहिल्या पाच सेकंदांत डॉक्टरला काय हवे असते? सध्याचे आजार, ॲलर्जी, चालू औषधे, मागच्या भेटीचा सारांश आणि मूत्रपिंड व यकृताचे ताजे अहवाल. एवढ्या गोष्टी मोजक्या खेपांत, एकदम, न मागता याव्यात. २०१४ चा एक्स-रे, जुनी डिस्चार्ज कार्डे आणि प्रत्येक भेटीचे वजन हे क्लिक केल्यावर आले तरी चालते. ही यादी डॉक्टर आणि सिस्टरांनी बसून लिहून दिली नाही तर प्रोग्रॅमर अंदाजाने ठरवतो. एक तर सगळेच मागे ठेवतो किंवा सगळेच पुढे आणतो. दोन्हींत चक्र फिरतच राहते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. नागरिकांना चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळू लागले आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी जोडण्याची वाट खुली झाली. म्हणजे एका रुग्णामागे जोडलेल्या नोंदी येत्या वर्षांत वाढतच जाणार. नोंदी वाढल्या की उपचार आपोआप सुधारत नाहीत. योग्य नोंद योग्य क्षणी समोर आली तरच त्यांचा उपयोग.

गुडघे दुखणाऱ्या त्या मावशींच्या डॉक्टरला त्यांच्या बारा वर्षांच्या सगळ्या नोंदी नकोच होत्या. त्याला एक ओळ हवी होती, क्रिएटिनिनची. ती एका खेपेत आली असती तर गोळी बदलली असती, मूत्रपिंडांची पुढची तपासणी सांगितली गेली असती आणि रांगही तेवढ्याच वेगाने सरकली असती. पुढच्या वेळी पडद्यावर चक्र फिरू लागले की "सर्व्हर डाऊन" म्हणण्याआधी रुग्णालयातल्या कोणीतरी एवढे विचारावे, "मामा, खेपा किती झाल्या?"